वर चढणारी तिरपी रेघ

एप्रिल लागतो. स्टोअररूममधले कूलर बाहेर येतात, त्यांच्या जाळ्यांतलं मागच्या वर्षीचं काळपट गवत बाभळीखाली जाऊन पडतं, नव्या वाळ्यावर पाणी सुटतं आणि कॉलेजच्या व्हरांड्यात तो थंड, ओला, मातकट वास पसरतो. या वासानं अमरावतीतल्या कुठल्याही माणसाला बरं वाटतं. मला राग येतो. साधासुधा नाही; कान गरम करणारा, समोर जो दिसेल त्याला उभं करून ‘काहून रे?’ असं विचारायला लावणारा राग. बायको म्हणते, उन्हाचं आहे, पन्हं घ्या. घेतो. दोन ग्लास घेतो. पन्ह्यानं उतरणारा हा राग नव्हे. हा ओरलच्या सीझनचा राग आहे.

पॉलिटेक्निकमध्ये जन्म काढलेल्या माणसाला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे लोकांचे ऋतू वाटतात. आमचे ऋतू दोनच, सबमिशन आणि ओरल. वर्षभर ज्यांचं तोंड दिसलं नाही अशी मुलं धुतलेला शर्ट घालून, केसांना पाणी लावून, कपाळाला बुक्का लावून लॅबच्या दाराशी उभी राहतात. झेरॉक्सच्या दुकानातली मशिनं तापून त्यांना टेबलफॅन लावावा लागतो. सुतळीनं बांधलेल्या जर्नलांचे गठ्ठे टेबलावर चढतात. आणि मग डोक्याला दुपट्टा असा गुंडाळून, की फक्त चष्मा दिसावा, बडनेऱ्याला गाडीतून उतरून ऑटोनं येतात ते एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक.

अकोल्याच्या एक्स्टर्नलचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. दुपट्टा सोडता सोडता ते म्हणणार, “तुमच्या इथं तर काहीच नाई सर. आमच्या अकोल्याले या, मंग समजते ऊन काय असते.” जसं काही सूर्य यांनी घरी पाळलाय. आम्ही अमरावतीकर यावर मनातून दुखावतो, पण वरून हसतो आणि दह्यातला गिला वडा मागवतो. कारण या पाहुणचाराला एक नियम आहे, कुठल्याही पुस्तकात न लिहिलेला. एप्रिलमध्ये ते आमच्याकडे येतात, मे महिन्यात मी त्यांच्याकडे जातो. ते आमच्या मुलांना जपतात, मी त्यांच्या मुलांना जपतो. आणि एक्स्टर्नल जे बोलेल त्यावर इंटर्नलनं, म्हणजे घरच्या परीक्षकानं, तोंड उघडायचं नाही. तोंडात गिला वडा असतो तो त्यासाठीच.

माझा विषय सांगतो, घाबरू नका. दोन मिनिटांचं काम आहे.

जुन्या टीव्हीच्या मागच्या अंगाला, काचेच्या नळीच्या मानेतून, इलेक्ट्रॉनांची एक बारीक धार सुटते. पडद्यावर ती आदळते तिथं टाचणीच्या डोक्याएवढा उजेड. हा उजेड डावीकडून उजवीकडे धावत एक ओळ लिहितो, झटकन डावीकडे परततो, किंचित खाली सरकून दुसरी ओळ लिहितो. आपण वहीत लिहितो तसंच. आपला हात परत येताना पेन उचललेलं असतं. इथं परतीच्या वाटेवर धार विझवलेली असते. एका चित्राला सहाशे पंचवीस ओळी, सेकंदाला पंचवीस चित्रं. त्यातही लबाडी अशी की आधी एक सोडून एक ओळी लिहायच्या, तळाला पोचलं की वर जायचं आणि सुटलेल्या मधल्या ओळी लिहायच्या. म्हणजे डोळ्याला लुकलुक कळत नाही. अशा ओळींनी भरलेल्या कोऱ्या उजेडाला रास्टर म्हणतात. नटनट्या, क्रिकेट, बातम्या हे सगळं नंतर. आधी रास्टर.

रडारचं मूळ वेगळं. त्याची बशी गोल फिरते, म्हणून जुना पडदाही गोल. मधून निघालेली उजेडाची एक काडी घड्याळाच्या काट्यासारखी फिरायची, ढग किंवा विमान लागलं की तिथं डाग उमटायचा आणि हळूहळू विझायचा. तो बघायला माणसानं अंधाऱ्या खोलीत बसायचं. पुढे रडारलाही टीव्हीसारखे आडव्या ओळींचे पडदे आले. बशी अजून गोलच फिरते आणि ‘अमुक दिशेला, तमुक अंतरावर’ असंच बोलते. मध्ये एक यंत्र बसून त्याचं भाषांतर करतं, ‘इतकी ओळ, इतकं घर’; घर म्हणजे पडद्यावरचा एक बारीक चौकोन. मग भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, चहा पीत पीत आख्खं आभाळ बघता येतं. हे मी फळ्यावर फार रंगवून शिकवतो. हात गोल फिरवतो, स्वतः बशी होतो, मुलं टाळ्या वाजवतात. आमच्या लॅबमध्ये रडार नाही. रडारचा फोटो आहे, फ्रेम केलेला.

टीव्ही मात्र आहे. लाकडी फळीवर पोट उघडं टाकून मांडलेला, प्रयोगासाठीचा टीव्ही. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, आम्ही सगळे हात जोडतो. उरलेलं वर्ष त्याच्यावर पाटी असते, ‘हात लावू नये’. शिकायच्या वस्तूवर हात लावू नये अशी पाटी कुणा शहाण्यानं लावली असेल? मीच लावली.

लहानपणी आम्ही बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ओळीत फक्त एका घरी टीव्ही. तो लागला की नाही हे बघायला आम्हाला आत जावं लागत नसे. त्या हजारो ओळी धावताना आतल्या गुंडाळ्यांमधून एक अतिबारीक शिट्टी निघायची, डासापेक्षाही बारीक, आणि आम्ही पोरं कंपाउंडबाहेर गोट्या खेळताना एकदम मान वर करायचो. मोठ्या माणसांना ती ऐकूच यायची नाही. वय झालं की कानाची ती खिडकी आधी बंद होते. आत शिरलं की तापलेल्या धुळीचा वास यायचा आणि पडद्याजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे. कार्यक्रम संपला तरी आम्ही हलायचो नाही. पडद्यावरच्या नुसत्या काळ्यापांढऱ्या मुंग्या बघत बसायचो. ‘घरी जा रे आता,’ असं त्या घरच्या काकू चार वेळा म्हणत तेव्हा उठायचो. एवढा जीव होता त्या उजेडात. त्याच उजेडाचा मी पुढे मास्तर झालो आणि त्याच्यावर पाटी लावली. राग कुणाचा येतो, हे आता लक्षात येत असेल.

तर चार उन्हाळ्यांपूर्वीचा तो सीझन.

एक्स्टर्नल होते अकोल्याचे गावंडे सर. माणूस वाईट नाही. आमच्याच कॉलेजात शिकलेले, माझ्याहून सात वर्षं मागे, शेवटच्या वर्षी माझ्याच वर्गात बसलेले. पोट सुटलेलं, बोलणं मोठ्यानं, मुलांना पास करण्यात हात सढळ. सकाळपासून एकतीस ओरल झाली. सरांनी विचारायचं, “रास्टर म्हणजे काय बे?” मुलानं छताकडे बघत पाठ केलेलं म्हणायचं, सरांनी जर्नलमधला प्रयोग क्रमांक सात उघडायचा, आकृती पाहायची आणि वीसच्या आसपास मार्क टाकायचे. पंचविसापैकी. दहाला पास.

बत्तिसावी होती प्रतीक्षा तायडे. आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, म्हणून शेवटच्या वर्षातही हजेरीत शेवटची. अंजनगाव सुर्जीची. तिचे वडील तिथं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचे, गावात त्यांना तायडे मिस्त्रीच म्हणायचे. या पोरीच्या बॅगेत तेव्हा एक पत्र होतं. हवामानखात्याच्या एका रडार केंद्रावर तिची शिकाऊ म्हणून निवड झाली होती. अट एकच, जूनमध्ये सगळ्या विषयांत पास झाल्याची मार्कशीट. ओरलमध्ये उडालं तर पुढची परीक्षा हिवाळ्यात, आणि तोवर ती खुर्ची दुसऱ्याची. पत्र तिनं मला आदल्या आठवड्यात दाखवलं होतं. घडी घालून घालून मध्ये फाटायला आलं होतं.

गावंडे सरांनी तिचं जर्नल उघडलं आणि प्रयोग सातवर त्यांचा हात थांबला.

“हे काय काढलं वं तू?”

“स्कॅनिंग आहे सर.”

“थे मले दिसते. तळातून वर जाणारी रेघ अशी वाकडीतिकडी काहून काढली?”

“तशीच जाते सर. वर जायला थोडा वेळ लागते ना. तेवढ्या वेळात आडवं धावणं काही थांबत नाई. म्हणून डावीउजवीकडे करत करत चढते. चिखलदऱ्याच्या घाटावाणी.”

“सरळ जाते.”

“नाई सर.”

आमच्याकडे परीक्षकाला ‘नाई सर’ म्हणायची पद्धत नाही.

“एकतीस पोरांनी सरळ काढली. मी माझ्या वेळेस सरळ काढली. आन् तू एकटीच शहाणी?”

“मी पाह्यली आहे सर. बाबांच्या दुकानात. टीव्ही बिघडला की परतीच्या वाटेवर धार विझत नाई, मंग थे रेघा दिसतात. पांढऱ्या, तिरप्या.”

“म्हंजे बिघडलेल्या टीव्हीवरून थिअरी शिकली तू.” सर माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. लिहायला नको वाटतं, पण हसलो. “बरं, स्पॉट कुठं आहे तुह्या आकृतीत?”

“कोणता स्पॉट सर?”

गावंडे सरांनी गठ्ठ्यातलं वरचं जर्नल उघडून तिच्यापुढे टाकलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या ओळीच्या जरा बाहेर, काळा गोल ठिपका. बाणानं दाखवलेला. बाणापुढे लिहिलेलं, ‘बीम स्पॉट’. दुसरं जर्नल उघडलं, तिथंही. तिसरं, चौथं. एकतीस जर्नलांत एकतीस ठिपके, एकाच जागी.

आता या ठिपक्याची हकीकत सांगितलीच पाहिजे. ही हकीकत मी तोवर पंधरा लग्नांत, दोन निरोपसमारंभांत आणि असंख्य गाडीप्रवासांत सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी लोक पोट धरून हसले होते.

मी विद्यार्थी असताना या प्रयोगाच्या दिवशी टीव्हीपुढे ही गर्दी. माझी पाळी येईना. मी आणि दोघे मित्र सरळ रसवंतीवर गेलो. बैलाच्या घुंगराच्या तालावर ऊस पिळला जात होता, आणि तिथल्या बाकावर, डाव्या हातात ग्लास धरून, मी प्रयोग क्रमांक सात लिहिला. न बघता. वर जाणारी रेघ सरळ काढली, कारण जवळ पट्टी होती. वेळेची मोजमापं मनानं टाकली. खोटी वाटू नयेत म्हणून मुद्दाम ओबडधोबड आकडे टाकले. आणि रसाचा एक थेंब आकृतीच्या कोपऱ्यात पडला. माझं अक्षर फार सुरेख होतं. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या पोरांनी माझं जर्नल नेलं, त्याच्या पुढच्यांनी त्यांचं, मग झेरॉक्स आली. रसाचा डाग झेरॉक्समध्ये काळा झाला. पोरांनी तो भक्तिभावानं उतरवला. आणि कुणा एका हुशारानं विचार केला असेल की एवढा ठिपका आहे म्हणजे काहीतरी असणारच, आणि त्याला नाव दिलं.

मी मास्तर होऊन परत आलो तेव्हा तो ठिपका माझी वाट बघत होता. मी खूश झालो! वर्षानुवर्षं माझ्यापुढे ही जर्नलं यायची, मी त्या ठिपक्याकडे बघून मनातल्या मनात गडगडून हसायचो आणि खाली लाल पेनानं सही करायचो, ‘तपासले’. ती रेघ सरळ जात नाही हे मला ठाऊक होतं. मोजमापं खोटी आहेत हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण बदललं तर गंमत गेली असती.

प्रतीक्षा त्या ठिपक्यांकडे बघत होती. “हे काय आहे मले माहीत नाई सर,” ती म्हणाली. “म्हणून नाई काढलं.”

“जाय,” गावंडे सर म्हणाले. ती गेली. मार्कशीटवर तिच्या नावापुढे त्यांनी सहा लिहिले.

सहा.

मी म्हटलं, “सर, तो ठिपका उसाच्या रसाचा आहे. माझ्या हातून पडलेला.” आणि सगळी हकीकत सांगितली. रसवंती, ग्लास, पट्टी, थेंब, झेरॉक्स.

गावंडे सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, “तुमी ना सर, काय बी सांगता राजेहो! आमाले शिकवतानाच्या गोष्टी अजून आठवतात लोकांले.” दाराशी चहा घेऊन उभे असलेले आमचे लॅबचे बंडूभाऊही हसले. पंचवीस-तीस वर्षं माणसं हसवण्याचा धंदा केलेल्या माणसाचं हे असं होतं. खरं सांगायला तोंड उघडलं तरी समोरचा हसायची तयारी करूनच बसलेला असतो.

तेव्हा तो राग पहिल्यांदा आला. गावंड्यांचा नाही. स्वतःच्या तोंडाचा, त्या सुरेख अक्षराचा, त्या ‘तपासले’चा. मी पेनाला टोपण लावलं.

“सही करत नाही मी.”

“म्हंजे?”

“मार्कशीटवर दोघांच्या सह्या लागतात. माझी मिळणार नाही.”

“सर, माही पाचची गाडी आहे.” हसू गेलं होतं. “लिफाफा बंद करून द्या लागते. आन् मी एक्स्टर्नल आहो. मंग मले बोलावलं कशाले? गिला वडा खायाले?”

“टीव्ही लावून बघू. सरळ जाते की वाकडी.”

“चालते काय तो?”

“माहीत नाही.”

“तुमच्या लॅबचा टीव्ही चालते का नाई, तुमाले माहीत नाई?” गावंडे सर आता खरंच चिडले होते, आणि बरोबर चिडले होते. “अन् मले शिकवता?”

बंडूभाऊंनी प्रतीक्षाला परत बोलावलं. मागून सगळा वर्ग दाराशी गोळा झाला. मी स्वतः पाटी काढली. वाळलेले झेंडू झटकले, प्लग लावला, बटण दाबलं. पडदा काळा ठिक्कर.

“घ्या,” गावंडे सर म्हणाले. “मेला.”

“चालू आहे सर,” प्रतीक्षा म्हणाली. “शिट्टी वाजून राह्यली.”

आम्ही दोघं कान देऊन उभे. कूलर बंद करवला. काही नाही. मी दाराशी उभ्या पोरांकडे बघितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकतीस जणांना ऐकू येत होतं. त्या खोलीत बहिरे दोघेच होते आणि दोघेही परीक्षक होते.

तिनं बॅगेतून लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढला, दुसरा हात पाठीमागे ठेवला. मिस्त्री लोकांची ही सवय, एकाच हातानं काम, म्हणजे झटका छातीतून जात नाही. मागच्या बाजूच्या ट्रान्सफॉर्मरवरचा एक छोटा खिट्टा ती हळूहळू फिरवत गेली. काळ्याचं राखाडी झालं. तापलेल्या धुळीचा आणि जळक्या हळदीचा वास आला. राखाडीचं दुधी झालं, आडव्या ओळी उमटल्या, आणि तिनं आणखी अर्धा फेरा दिला तशी परतीच्या वाटेवरची धारही विझेनाशी झाली आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा निघाल्या. आठ-दहा असतील. डावीकडून उजवीकडे तिरप्या चढत जाणाऱ्या. एक सरळ रेघ कुठंही नव्हती.

गावंडे सर पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या भुवया उभ्या राहिल्या. मग म्हणाले, “बावीस वर्षं मी सरळ शिकवून राह्यलो.”

कुणी हसलं नाही.

“अन् थो ठिपका?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“रस.”

“खरंच रस?”

“खरंच.”

त्यांचे कान लाल झाले. “अकोल्यात एका पोराचे दोन मार्क कापले होते मी. ठिपका नाई काढला म्हणून.” मग ते माझ्यावर असे ओरडले की खालच्या मजल्यावरचा शिपाई वर आला. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. ओरडून दमल्यावर खुर्चीत बसले आणि त्यांना खरी अडचण दिसली. “हिले पास केलं तर मंग या एकतीस जणांले कोणत्या तोंडानं पास करू? यांचं तर सगळंच चुकलं. आन् यांचं चुकलं तर आपलं?”

उत्तर प्रतीक्षानंच दिलं, खिट्ट्यावरचा हात न काढता. “सर, त्यांले पाहू द्या ना. दिसून राह्यलं आता. पाहून काढतीन.”

मग त्या दुपारी, कूलर बंद, खिडक्यांतून झळा येताहेत, शर्ट पाठीला चिकटलेले, अशा अवस्थेत एकतीस पोरांनी चार-चारच्या टोळीनं टीव्हीपुढे उभं राहून आकृती पुन्हा काढली. खिट्टा जुना होता, सोडला की मागे सरकायचा, म्हणून ती तासभर स्क्रूड्रायव्हर धरून उभी राहिली. तिला कुणी धन्यवाद दिले नाहीत. उलट टोमणे चालले होते. “तायडे, तुह्यापायी उपाशी मेलो.” “तुले काय पडलं होतं वं? काढाची ना एक सरळ रेघ.” ती एकदाच म्हणाली, “मले काढता आली असती. मंग माह्या बाबांनी काय पाह्यलं होतं थे?” आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहिली.

पाचची गाडी गेली. गावंडे सरांनी सहावर काट मारली, बाजूला सतरा लिहिले, खोडलेल्या आकड्याजवळ आम्हा दोघांची आद्याक्षरं झाली.

आणि बाकीच्यांचे वीस, एकवीस, बावीस तसेच राहिले. मी विचारलं, “सर, हिला सतराच?” ते म्हणाले, “जर्नल पाह्यलं काय तिचं? खाडाखोड. डाग. आकृतीत सफाई नाई. नियमात सफाईले मार्क आहेत सर, मी काय करू?” तिनं बाबांच्या दुकानात प्रत्येक माप तीनदा घेतलं होतं, चुकलं ते खोडलं होतं. खाडाखोड होती ती त्याची. पट्टीनं खोटं लिहिणाऱ्याच्या वहीत खाडाखोड कशी असेल?

मला तिथंही टोपण लावता आलं असतं. मी सही केली. ती पास झाली होती, गावंड्यांची पुढची गाडी साडेसातची होती, मेमध्ये मला अकोल्याला जायचं होतं. जूनमध्ये मार्कशीट आली, ती वेळेवर केंद्रावर हजर झाली. वर्गात तिचा नंबर शेवटून दुसरा लागला. मी पेढे खाल्ले.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आता ती तिथं कायम झाली आहे. मी लॅबमध्ये बसलो होतो, कूलर नुकताच लागला होता, टेबलावर नवी जर्नलं चढत होती. इकडचं तिकडचं झालं. अंजनगावला बाबा बरे आहेत, दुकानात आता मोबाईल दुरुस्त करतात, टीव्ही कुणी आणत नाही. मी विचारलं, “रडारचा पडदा कसा आहे?” मला खरंच ऐकायचं होतं, आयुष्यभर फोटोवरून शिकवलं आहे.

“भारी आहे सर. पण एक सांगू का? रडारची किरणं जवळ दाटीनं जातात, दूर गेली की फाकतात. मंग पडद्यावर दूरची बरीच घरं रिकामी राह्यतात. तिथं काहीच मोजलेलं नसते. वाईट दिसते म्हणून मशीन शेजारच्या घराचा आकडा घेते आन् भरून टाकते. सगळं कसं गुळगुळीत. टीव्हीवर दाखवतात थे तसंच.”

“मग?”

“एक बटण आहे सर. दाबलं की भरलेलं सगळं निघून जाते, खरं मोजलेलं तेवढंच राह्यते. पडदा भोकाभोकाचा होते. साहेब ओरडतात, दाबू नको, पाहुणे येतात, बरं दिसत नाई. मी रोज ड्युटीवर आली की एकदा दाबते.” मग म्हणाली, “कुठं दिसून राह्यलं आन् कुठं नुसतं भरलं, थे तरी माहीत पायजे ना.”

मी विचारलं, “आणि अंजनगाव? मोजलेलं की भरलेलं?”

“भरलेलं आहे सर.”